फ्लेक्सवरची भाची

तिसगाव, ता. पाथर्डी
१२ नोव्हेंबर २०२५

संजू,

आशीर्वाद लिहीत नाही, तू ते उलट टपाली परत पाठवशील. व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंस. तुझ्या वहिनीच्या, छायाच्या मोबाईलवरून लावला तर माझा आवाज ऐकून कट केलास. सख्ख्या भावाला या वयात पोस्टात जाऊन तिकिटं चिकटवायला लावलीस. पोस्टमास्तरांनी विचारलं, "नॉर्थ का साऊथ?" म्हटलं, माझ्या बहिणीचा पारा बघता नॉर्थच असंल.

हसली नाहीस ना? बरं.

तुझ्या मैत्रिणीने, मोनिकाने तुला चौकातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला, तिथून हे सगळं पेटलं. मोनिका शाळेत असल्यापासून आगलावी आहे. फ्लेक्सवर तुझ्या मीनाचा फोटो आहे, मागे कोरियाचा झेंडा आहे, खाली 'कोरियाहून खास उपस्थिती' असं लिहिलंय. त्यात एवढं आभाळ कोसळण्यासारखं काय आहे? फ्लेक्सवर मीसुद्धा आहे, गावचे पुढारी काकासाहेब आहेत, अर्धी भावकी शुभेच्छुक म्हणून आहे. तिसगावात कुत्र्याचा वाढदिवस असला तरी फ्लेक्स लागतो, हे तू काय नव्याने ऐकतेस?

खतं-बियाणांच्या दुकानात बसून मी कंटाळलो आणि शाळा काढली. आईचं नाव दिलं, 'मनकर्णा इंटरनॅशनल प्री-स्कूल'. आता इंटरनॅशनल म्हटल्यावर लोक विचारणारच, की यात इंटरनॅशनल काय आहे? माझी भाची आहे. घरात होतं ते दाखवलं, कुणाच्या घरात शिरून आणलं नाही. जूनमध्ये उद्घाटनाच्या वेळी तू मीनाला आमच्याकडे ठेवून आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी केडगावला मावशीकडे होतीस. तुला विचारायला पाहिजे होतं, मान्य. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून नाही विचारलं. तू परत यायच्या आत फ्लेक्स काढून ठेवला होता, तो दिवाळीत पुन्हा लावला.

फ्लेक्स उतरवतो. राग सोड. आणि एक, आई रोज तोंड पाडून बसते. मीना फोनवर आली की हूं नाही की चूं नाही. पूर्वी तासभर आजीचं डोकं खायची. तिकडे काय चाललंय ते जरा बघ.

तुझा दादा,
कल्याण


चांगवन, दक्षिण कोरिया
२९ नोव्हेंबर २०२५

दादा,

साऊथ. आठ वर्षं झाली, आता तरी पाठ कर.

पत्राला पत्रानेच उत्तर देते, कारण फोनवर तू मधेच बोलतोस. आता सगळं वाचायला लागेल.

तुला वाटतं मी एका फोटोवरून रुसले. मी रुसले नाही, मला तुझी चीड आली आहे. का ते ऐक. गेल्या वर्षी इथल्या बालवाडीने निरोप पाठवला की अमुक दिवशी 'तामुन्ह्वा' घरांचा कार्यक्रम आहे, मीनाला भारतीय कपड्यांत पाठवा. तामुन्ह्वा म्हणजे ज्या घरात आई किंवा बाप बाहेरच्या देशातला आहे ते घर. शब्द गोड आहे, पण बालवाडीतल्या दुसऱ्या बाया तो हळू आवाजात म्हणतात. आपल्याकडे खरकटं, शिवाशिव म्हणताना आवाज खाली जायचा, तसा. मीनाला घागरा घालून, कपाळाला टिकली लावून पुढे उभं केलं, फोटो काढला आणि बालवाडीच्या जाहिरातीवर छापला. पोरगी याच गावात जन्मली, तिचा बाप इथला, आजोबांची कबर इथे, आणि जाहिरातीत ती पाहुणी. मी तिथे जाऊन भांडले. माझं कोरियन रागात तुटतं, तरी भांडले. जुनहो म्हणत होता, जाऊ दे. तो आणि त्याची आई जेवताना माझ्या दोन बाजूंना बसतात आणि दोघंही मला जाऊ दे म्हणतात. मी जाऊ दिलं नाही. जाहिरात बदलायला लावली.

आणि मग मोनिकाचा फोटो आला. इथे माझ्या पोरीला भारतीय म्हणून उभी केली, तिथे तू तिला कोरियन म्हणून उभी केलीस. परक्यांशी मी भांडले दादा, पण तू परका नव्हतास. तिच्या दोन घरांपैकी एकात तरी ती नुसती घरची पोर म्हणून मातीत खेळावी, एवढंच मला पाहिजे होतं. त्या घराच्या चौकात तू तिचा फ्लेक्स लावलास.

आता मीनाच्या बोलण्याचं. ती आजीशीच नाही, माझ्याशीही मराठी बोलत नाही. तिकडून आल्यापासून एक शब्द नाही. सुरुवातीला वाटलं, उन्हाने आजारी होती, थकली असेल. मग महिने गेले. मी मराठीत विचारते, ती कोरियनमध्ये उत्तर देते. आईचा फोन आला की तोंडावर हात ठेवते. सहा वर्षांची पोर, जी मला "मम्मे, लई झालं तुझं" म्हणून दटावायची, तिच्या तोंडून मी कोरियनमध्ये नमस्कार-चमत्कार ऐकते. मार्चमध्ये ती पहिलीत जाईल. एकदा शाळा सुरू झाली की इथली पोरं आईची भाषा विसरतात. मी पाहिलंय इथल्या व्हिएतनामी बायांच्या घरात. आई एका भाषेत रडते आणि मूल दुसऱ्या भाषेत विचारतं, काय झालं.

हे कुणाचं काम आहे ते मला माहीत आहे. सासूबाई दोन वर्षं सांगतायत, घरात कोरियनच बोला, पोरगी वर्गात मागे पडेल. मागच्या आठवड्यात किमची घालायला सगळ्या जावा-नणंदा त्यांच्याकडे जमल्या होत्या. आपल्याकडे लोणचं घालतात तसं, पण पिंपभर, आणि दोन दिवस. तिथे सगळ्यांसमोर, हात कोपरापर्यंत तिखटात असताना, मी त्यांना विचारलं की माझ्या पोरीला तुम्ही काय धमकी दिलीत. त्या म्हणाल्या, "मी काही सांगितलं नाही." मी म्हटलं, तुम्ही खोटं बोलता. इथे सुना असं बोलत नाहीत, दादा. कुणीच बोलत नाही. त्यांनी हातातला कोबी ठेवला आणि आत गेल्या. त्या दिवसापासून त्या आमच्याकडे आल्या नाहीत आणि जुनहो माझ्याशी बेतानेच बोलतो.

मला पश्चात्ताप नाही. फ्लेक्स उतरव. 'उतरवतो' नको, उतरवल्याचा फोटो वहिनींकडून पाठव.

संजीवनी


तिसगाव
१५ डिसेंबर २०२५

संजू,

फ्लेक्स उतरवला. फोटो छायाने पाठवला असेल. आता तरी थंड हो.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तू सासूला बोललीस ते बरोबर केलंस. मी लग्नाआधीच म्हणालो होतो, जुनहोराव माणूस देवासारखा आहे, रांजणगावच्या कंपनीत तो होता तेव्हापासून मी त्याला ओळखतो, पण घर बघून द्यावं लागतं. परक्या मुलखातली सासू म्हणजे बोलायची सोय नाही. त्या म्हातारीने पोरीच्या तोंडाला कुलूप घातलंय, दुसरं काय असणार? तिला नातीच्या तोंडात आपली भाषा नको आहे. मी आईलाही हेच समजावून सांगितलं, तेव्हा तिच्या जिवाला जरा थारा मिळाला. आधी ती म्हणायची, "पोरगी आमाला इसरली." आता निदान दोष कुणाचा ते तिला कळलं. रोज कोरियाकडे तोंड करून शिव्या देते, तब्येत सुधारली आहे.

तू माघार घेऊ नकोस. वाटलं तर पोरीला घेऊन उन्हाळ्यात इकडे ये, माझ्या शाळेत बसव, महिन्यात मराठी पोपटासारखी बोलेल.

तुझा दादा,
कल्याण


तिसगाव
१९ डिसेंबर २०२५

संजीवनीताई,

मी तुम्हाला पत्र कधी लिहिलं नाही. फोन करायला गेले तर आई शेजारी असतात, आणि हे त्यांच्या कानावर माझ्याकडून जायला नको. म्हणून लिहिते.

तुमच्या भावाने तुम्हाला काय लिहिलं ते मला कळलं, कारण तेच ते आईंना ओट्यावर बसून सांगत होते. मी आत पीठ मळत होते. ताई, तुमच्या सासूबाईंनी काही केलेलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मीनाने तो रेशमी कोरियन झगा घातला होता, तुम्ही आजीबरोबर फोटो काढायला आणला होता तो. पाऊस नव्हता, नुसता उकाडा. पाहुणे दीड-दोन तास उशिरा आले. स्टेजवर तिला मधल्या खुर्चीत बसवलं होतं. माईक हातात दिला आणि हे म्हणाले, कोरियन बोलून दाखव. पोरगी माईकमध्ये म्हणाली, "मामा, मला लई तहान लागली."

सगळा मांडव हसला. भावकीतला आसाराम म्हणाला, "आरं, ही तर आपल्यावानीच बोलती, हिच्यात इंटरनॅशनल काय हाय?" यांचा चेहरा उतरला. माईक काढून घेतला आणि म्हणाले, दोन दिवसांत शिकली हुशार पोर. मग तिला मांडवामागे घेऊन गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेले, म्हणून मी ऐकलं.

हे म्हणाले, "मीना, तू मराठी बोललीस तर लोक मामाची शाळा बंद करत्याल. कुनाशीच मराठी बोलायचं न्हाई. आजीशी न्हाई, मम्मीशी बी न्हाई."

पोरीने विचारलं, "किती दिवस?"

हे म्हणाले, "शाळा हाय तवर."

मग पुढचे तीन दिवस तिला शाळेच्या दारात त्याच झग्यात बसवलं, ॲडमिशनला येणाऱ्या लोकांनी बघावं म्हणून. तुम्ही केडगावहून आलात तेव्हा मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, पोरं विसरतात. विमानात बसली की विसरेल. ताई, तिने मामाचं ऐकलंय. घरातल्या कुणी यांचं एवढं ऐकलं नसेल, मीसुद्धा नाही.

मी यांना म्हटलं, तुम्ही ताईंना खरं सांगा. तर म्हणाले, "आता सहा महिने झाले, आता सांगून काय फायदा, तिकडची म्हातारी तशी बी वाईटच हाय." तेव्हापासून मी यांच्याशी बोलत नाही. स्वयंपाक करते, ताट आदळते.

तुमची,
छाया


चांगवन
८ जानेवारी २०२६

कल्याण,

दादा लिहायला हात धजत नाही.

मला वहिनींचं पत्र मिळालं. त्यांना एक शब्द बोललास तर मी पुढच्या विमानाने येईन आणि तुझ्या त्या इंटरनॅशनल दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सगळं सांगेन. आणि मी अस्सल तिसगावच्या मराठीत सांगेन.

पत्र वाचून मी मीनाला जवळ घेतलं आणि विचारलं, मामाने तुला काही सांगितलं होतं का. तिने आधी तोंडावर हात ठेवला. मग कोरियनमध्ये मला विचारलं, "मी झोपेत बोलले का? शाळा बंद पडली का?"

हे वाक्य पुन्हा वाच. माझी पोर झोपायला घाबरत होती. सात महिने तिने तुझी शाळा सांभाळली. आजी फोनवर रडत होती ते तिला कळत होतं, मी चिडत होते ते कळत होतं, आणि ती गप्प होती, कारण मामाची शाळा वाचवायची होती. अरे, तुझ्यावर तिचा किती जीव आहे हे तुला कधी कळणार आहे? एवढा जीव तर माझाही तुझ्यावर नव्हता. आणि तुला हे पहिल्यापासून माहीत होतं. आई विचारत होती तेव्हा माहीत होतं. मी सासूबाईंना सगळ्यांसमोर खोटारडी म्हटल्याचं लिहिलं तेव्हाही माहीत होतं. तू मला काय उत्तर दिलंस? "बरोबर केलंस." वर माझ्या आईला परक्या बाईला शिव्या द्यायला शिकवलंस आणि तब्येत सुधारली म्हणून लिहिलंस.

मी सासूबाईंकडे गेले. इथे माफी मागायची तर गुडघे टेकून, डोकं जमिनीला लावून मागतात. मी मागितली. त्यांनी "असू दे" वगैरे काही म्हटलं नाही. मला तासभर झोडपलं. लग्नापासूनचं सगळं काढलं, मी पहिल्या वर्षी मीठ जास्त टाकलेलं सूपसुद्धा. घरात कोरियन बोला असं त्या म्हणत होत्या हेही त्यांनी कबूल केलं. म्हणाल्या, "ते मी तुझ्या तोंडावर म्हटलं. तुझ्या पाठीमागे पोरीला घाबरवून करायची मला गरज नाही." मी मान खाली घालून ऐकलं, कारण प्रत्येक शब्द माझ्या कमाईचा होता. शेवटी त्यांनी तुझं नाव विचारलं. नीट उच्चार करायला शिकल्या. म्हणाल्या, "कल्-याण, हा मला एकदा भेटला पाहिजे." मला तर आत्तापासूनच तुझी कीव येते.

आता काय करायचं ते सांगते. मीनाला मी सांगितलं की शाळा बंद पडणार नाही, बोल. जुनहोने सांगितलं. सासूबाईंनी सांगितलं. ती मान हलवते आणि बोलत नाही. म्हणते, मामाने सांगितलंय, मामालाच माहीत. तेव्हा तू तिला पत्र लिही. तिच्या नावाने, तुझ्या हाताने. मी ते जसंच्या तसं वाचून दाखवेन. गंमत करायची नाही, तिकडची म्हातारी, इकडची म्हातारी काही नाही. तू खोटं बोललास हे लिही. मार्चला शाळा सुरू होते, हे लक्षात ठेव. त्यानंतर तू लिहिलंस तर ते पत्र वाचायला तिला दुभाष्या लागेल.

संजीवनी


तिसगाव
२४ जानेवारी २०२६

चि. मीना,

मी कल्याणमामा. मम्मीने सांगितलं म्हणून लिहितोय. म्हणजे मलाही लिहायचंच होतं.

बाळा, तू मराठी बोललीस तर मामाची शाळा बंद पडेल असं मी म्हणालो होतो. ते खरं नव्हतं. शाळा चालू आहे. तू कितीही बोललीस तरी काही होणार नाही. लोक हसले म्हणून मामा घाबरला आणि मामाने तुला खोटं सांगितलं. मामाचं चुकलं. मोठ्या माणसांचं पण कधी कधी चुकतं. तू गुणी पोरगी आहेस, मामाचं ऐकलंस. आता मामा सांगतोय, बोल. मम्मीशी बोल, आजीशी बोल.

फक्त एक कर. आजीला यातलं काही सांगू नकोस. आजी म्हातारी आहे, तिला वाटतं ते वाटू दे, उगाच तिला त्रास होईल. आजी फोनवर आली की नुसतं छान छान बोल. हे आपलं दोघांचं.

उन्हाळ्यात ये. कैऱ्या पाडू.

तुझा मामा


चांगवन
११ फेब्रुवारी २०२६

कल्याण,

तुझं पत्र मी मीनाला पूर्ण वाचून दाखवलं. "हे आपलं दोघांचं" हेसुद्धा. गाळावंसं वाटलं होतं, पण मी तुला शब्द दिला होता. वाचून झाल्यावर तिने वही शोधून आणली. मग माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मम्मे, लिही." मराठीत म्हणाली. मी तिथेच रडले असते, पण तिने मला रडू दिलं नाही, वही पुढ्यात ठेवली. खाली तिचंच आहे, माझा त्यात एक शब्द नाही.

संजीवनी


मामा,

मी बोलती हाय आन मम्मी लिहिती हाय.

तू लबाड हाय. मला तहान लागल्ती म्हनून मी बोलले. मी तुझी शाळा मोडायला न्हवते बोलले. मामींनी पानी दिलं, तू न्हाई दिलं.

आजीचा फोन आला का मला लई बोलू वाटायचं. आजी म्हनायची, मीना, ए मीना, हाय का तिथं? मी तिथंच हुते. मी तोंड दाबून बसायची. मग आजी फोन ठेवायची. रोज ठेवायची.

इकडची आजी वाईट न्हाई. तू तिला वाईट म्हनला, मम्मीनी सांगितलं. तिच्या पायाला गुडघ्यात दुखतं तरी ती मला पाठीवर घेती.

तू आता परत म्हनतो आजीला सांगू नको. मी आता तुझं ऐकनार न्हाई. मी एकदा ऐकलं.

मी कैऱ्या पाडायला येनार न्हाई. मामींला भेटायला येईन आन आजीला. तू दुकानात बस.

हे पत्र आजीला तू वाचून दाखव. मामींनी न्हाई, तू. मोठ्यानं वाच, आजीला कमी ऐकू येतं. मधलं काही गाळू नको. वाचून झालं का आजीला म्हनायचं मला फोन लाव. मी इथं बसले हाय.

मीना